दुनळीचं माहेर

बर्मिंगहॅमला ऑनसाइट जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. बुलरिंगचं शॉपिंग, कॅनॉलकाठचे पब, कॅडबरी आणि बाल्टी. यादी संपली! पण आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत दसऱ्याला हळदकुंकू लावून पुजल्या जाणाऱ्या कित्येक दोननळी बंदुका याच शहरातून आल्यात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शहराच्या मधोमध चक्क एक ‘गन क्वार्टर’ आहे. आपल्या पुण्यात तांबट आळी, तशी ही बंदूकवाल्यांची आळी.

मी तिथे गेले ती एका मैत्रिणीच्या कामासाठी. साताऱ्याकडच्या तिच्या माहेरी पणजोबांची बारा बोअरची दुनळी आहे. वडील गेल्यावर नियमाप्रमाणे ती परवानाधारक डीलरकडे जमा झाली. आता काका म्हणतात, “इंग्लिश माल आहे, लाखांत जाईल, विकून टाका.” दादा म्हणतो, “लायसन्स माझ्या नावावर करू. रानडुकरं उसाची वाट लावतायत, शेतावर कामाला येईल.” मैत्रिणीनं डझनभर फोटो माझ्या मोबाइलवर टाकले. “चाललीच आहेस तर विचारून ये ना गं!”

आज गन क्वार्टर शोधावंच लागतं. १९६०च्या दशकातल्या रिंग रोडनं आळीचा बराच भाग गिळला. प्राइस स्ट्रीटसारख्या गल्लीत लाल विटांची मोजकी वर्कशॉप्स उरलीत. एकेकाळी इथे एक घर फक्त नळ्या करायचं, दुसरं चाप-घोड्याची यंत्रणा, तिसरं लाकडी दस्ते, चौथं नक्षी. तयार बंदुकीवर नाव मात्र लंडनच्या किंवा कलकत्त्याच्या दुकानदाराचं! म्हणून नुसत्या नावावर भाळायचं नाही. या आळीचा इतिहासही सगळा मिरवण्यासारखा नाही. अठराव्या शतकात इथल्या बंदुका गुलामांच्या व्यापारासाठी पश्चिम आफ्रिकेत जात होत्या.

अशाच एका वर्कशॉपमधल्या सत्तरीच्या कारागिरानं फोटो पाहिले आणि पहिलंच वाक्य टाकलं, “फोटोवरून भाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.” मग रॅकवरची तशीच एक जुनी दुनळी काढून त्यानं मला क्रॅश कोर्सच दिला.

आधी उघडून आत काडतूस नाही ना, याची खात्री. मग नळ्या सुट्या करून बोटावर टांगायच्या आणि टिचकी मारायची. हो, माठ घेताना मारतो तश्शी! घंटेसारखा नाद आला तर उत्तम. आवाज बद्द आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली असू शकते. नंतर उजेडाकडे धरून आत बघायचं. गंजाचे खड्डे आहेत? पोचा, फुगवटा? आतून फार चकचकीत असेल तरी सावध, कारण खड्डे घासून काढताना धातूही जातो. गेजनं मोजल्यावर नळी साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ निघाली, की भाव कोसळला. पुन्हा जोडून हलवून बघायचं, खिळखिळी नको. नळी, बॉडी आणि पुढचं लाकूड, तिन्हींवर नंबर एकच हवा. दस्त्याला मुठीपाशी तडा नको. आणि घरात हौसेनं पॉलिश करून ‘नवी’ केलेली बंदूक? त्यानं फक्त कपाळाला हात लावला.

खरी कुंडली मात्र नळीच्या पोटाशी असते. बॅनबरी स्ट्रीटवर १८१३मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं स्थापन झालेलं प्रूफ हाऊस आहे. नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवायचा, ती टिकली तरच ठसा मारायचा, हे काम तिथे आजही चालतं. मैत्रिणीच्या फोटोत मुकुट आणि फुलीसारखे दोन राजदंड होते. हा ठसा १८१३ ते १९०४मधला. शेजारी चौकटच्या पानासारखी आकृती, तिच्यात १२ आणि सी. ही १८८७नंतरची. म्हणजे बंदूक या १७ वर्षांतली!

‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द मात्र कुठेच नव्हते. त्यात नळ्यांवर सुंदर लाटा. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून केलेली ही दमास्कस नळी. तिची परीक्षा झाली ती काळ्या दारूवर. आजच्या बिनधुराच्या काडतुसाचा दाब तिनं कधी पाहिलाच नाही. ती हातात फुटू शकते.

आणि पैसे? पर्डीसारखं नाव असेल तर गोष्ट वेगळी. अशा साध्या घोड्याच्या बंदुका ब्रिटनमधल्या लिलावात बरेचदा काहीशे पौंडांत जातात. आपल्याकडे १९८०च्या दशकात आयात बंद झाल्यानं परदेशी बंदुकांना लाखांचे भाव येतात खरे, पण ते मुख्यतः पोलादी नळीच्या, वापरता येणाऱ्या बंदुकांना. घेणाऱ्याकडे परवाना हवा तो वेगळाच. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाची मर्यादा तीनवरून दोनवर आली. गिऱ्हाईक आणखी कमी.

कॅनॉलच्या काठावरूनच फोन लावला. “आधी दादाला सांग, यात आजचं काडतूस घालायचं नाही. म्हणजे नाहीच.”

पलीकडे क्षणभर शांतता. “म्हणजे गाडी पण येणार नाही आणि डुक्कर पण मरणार नाही?”

“पण दादाचे हात शाबूत राहतील.”

दादानं आता वारसाहक्कानं परवान्याचा अर्ज केलाय. दुनळी घरी येईल ती दसऱ्याच्या पूजेपुरती. उसाला मात्र कुंपण!

जाणार असाल तर: लंडन यूस्टनहून बर्मिंगहॅम ट्रेननं साधारण दीड तास. प्रूफ हाऊसचं छोटं म्युझियम आधी वेळ ठरवूनच पाहता येतं. घरच्या बंदुकीवरचे ठसे तपासायचे असतील तर स्पष्ट फोटो न्या. बंदूक नेण्याचा विचारही नको!