मशीनने मारलेली रेघ

सीटी स्कॅन हा शब्द आता आपल्या वस्तीत नवा राहिलेला नाही. मोठा लिफाफा काखेत मारून रुग्णालयाची पायरी चढलेले एखादे तरी माणूस प्रत्येक चाळीत सापडते. पण त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काकडीच्या चकत्या मांडाव्यात तसे जे दिसते ते काय, हे आपल्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे, बी.कॉम. झालेले कारकून. तरी दवाखान्याची फाइल घेऊन माणसे आमच्याकडे येतात. गेल्या वर्षी अशीच एक फाइल धरून आम्ही वस्तीतल्या एका मामांबरोबर कित्येक आठवडे हेलपाटे घातले. त्यात जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

स्कॅन म्हणजे साधा फोटो नव्हे, ती आकड्यांची वही आहे. शरीराच्या पातळ चकतीतल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याला ०, हवेला उणे १०००, चरबीला उणे १०० च्या आसपास, हाडाला काही शे. हे मोजमाप गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांच्या नावाने चालते. गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या ई.एम.आय. कंपनीत ते इंजिनिअर होते. त्यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन केला. १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळाले. विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस, हे आमच्या शिकणाऱ्या पोरांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

आता गंमत अशी, की हाड आणि हवा आकड्यावरून ओळखता येतात, पण यकृत आणि प्लीहा यांचे आकडे जवळजवळ सारखेच. मग संगणकाने ओळखायचे कसे? त्याला शिकवावे लागते. माणसे बसून चकतीमागून चकती घेतात, अवयवाच्या कडेने रेघ मारतात, 'हे यकृत, हे मूत्रपिंड' असे लिहून देतात. अशी हजारो उदाहरणे पाहून संगणक स्वतः रेघ मारू लागतो. जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१५ साली यासाठी 'यू-नेट' नावाची पद्धत निघाली, आणि पुढची पुष्कळशी कामे तिच्यावरच उभी आहेत. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील विद्यापीठ रुग्णालयाने १२०४ स्कॅन वापरून शरीरातले १०४ भाग ओळखणारी संगणक-प्रणाली तयार केली. ते काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यातही मशीन आधी कच्ची रेघ मारी, माणूस ती दुरुस्त करी, आणि दुरुस्त केलेल्या रेघेवरून मशीन पुन्हा शिके.

मामांनी जन्मभर गोदीत ओझी वाहिली आणि जन्मभर तंबाखू खाल्ली. उजवीकडचा जबडा कापावा लागला. जबड्याखालची लाळग्रंथी आणि मानेतल्या गाठी काढल्या, आणि छातीचा स्नायू फिरवून गालात बसवला. नंतर शेक घ्यायचा ठरला, ३० बैठकांत ६० ग्रे. खर्च महात्मा फुले योजनेत बसला, ते एक बरे झाले.

शेक म्हणजे नुसता दिवा लावणे नव्हे. जिथे रोग होता तिथे ६० ग्रे पडले पाहिजेत. पण शेजारून मज्जारज्जू जातो, त्याला साधारण ४५ च्या वर जाऊ देत नाहीत. कानापुढची मोठी लाळग्रंथी शक्यतो सरासरी २६ च्या आत ठेवतात. ती जळाली तर तोंड कायमचे कोरडे पडते. ज्याचे पोट भाकरीवर आहे त्याला कोरडे तोंड म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून आधी तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून स्कॅन करतात, आणि शंभराच्या वर चकत्यांवर प्रत्येक अवयवाची हद्द आखतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पूर्वी एका रुग्णामागे आम्ही दोन-तीन तास बसत होतो. आता कॉम्प्युटर काही मिनिटांत आखून देतो."

मामांची सून सातवी शिकलेली. तिने विचारले, "म्याडम, मग त्या रेघा बरोबर हाईत का, ते कोण बघतं?"

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. त्यांनी पडदाच आमच्याकडे वळवला. डाव्या बाजूला सगळे ठीक होते. उजव्या बाजूला मात्र संगणकाने जबड्याखाली एक सुबक गोल काढून त्याला लाळग्रंथीचे नाव दिले होते. ती ग्रंथी तर शस्त्रक्रियेत केव्हाच काढून टाकलेली! गोल पडला होता छातीहून आणलेल्या मांसावर. निवृत्त झालेल्या माणसाची मस्टरवर हजेरी लागावी, तसला प्रकार. बाईंनी तो गोल पुसला, मज्जारज्जूची रेघ दोन-तीन चकत्यांवर सरकवली, मग पुढे गेल्या.

या यंत्राला आमचा विरोध नाही, उलट ते सरकारी रुग्णालयात लवकर यावे. तिथे रांग मोठी आणि तज्ज्ञ थोडे. वाचलेल्या दोन तासांत आणखी एका गरिबाची आखणी होते. शिवाय माणसाचा हात तरी कुठे एकसारखा चालतो? एकाच ग्रंथीची हद्द दोन डॉक्टर थोडी वेगळी आखतात. पण कचेरीत नोंद एकाने केली तर तपासून सही दुसऱ्याने करायची असते. इथेही तसेच हवे, आणि ती सही कोणाची हे विचारायचा हक्क रुग्णाच्या घरच्यांना आहे. साहेब रागावतील म्हणून आपण गप्प बसतो, ते सोडले पाहिजे.

आणखी एक. संगणकाला जी शरीरे दाखवली तीच त्याला नीट कळतात. बाझलच्या रुग्णालयात येणारी माणसे वेगळी, आमची वेगळी. क्षयाने आकसलेले फुफ्फुस, तंबाखूपायी अर्धा कापलेला जबडा, असली शरीरे त्याच्या शिकवणीत पुरेशी नसतील तर तो त्यांच्यापाशी अडखळणारच. मामांच्या कागदांत एक इंग्रजी फॉर्म होता, नाव काढून स्कॅन अभ्यासासाठी वापरण्याच्या परवानगीचा. कोणी वाचून न दाखवताच त्यावर फुली मारून ठेवली होती, 'इथे अंगठा' म्हणून. आम्ही ओळ न् ओळ मराठीत सांगितली. नाही म्हटले तरी उपचार थांबत नाही, हेही सांगितले. मामा थोडा वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "घेऊ दे. माज्यासारका दुसरा कुनी आला तर वळखंल तरी." आणि अंगठा न देता सही केली.

तीसच्या तीस बैठका झाल्या. डाव्या बाजूला लाळ सुटते. भाकरी आमटीत कुस्करून खातात, रात्री उशाशी तांब्या लागतो. पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी आहे.