रद्दीपासून कागद

वहीचे पान आपण टरकन फाडतो. पण हा कागद बनतो कसा? दिवाळीच्या सुट्टीत मी बऱ्हाणपूरला मामांकडे गेले होते, तेव्हा मला ते समजले. तेथून जवळच नेपानगर आहे. तेथे कागदाची मोठी गिरणी आहे. मामांच्या शेजारचे एक आजोबा त्या गिरणीत नोकरीला होते. त्यांनी मला सर्व माहिती सांगितली.

पूर्वी कागद हाताने बनवीत. खुलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. चिंध्या कुटून लगदा करायचा, तो पाण्यात कालवायचा आणि चाळणीने एकेक ताव उचलायचा. पुढे १७९९ साली फ्रान्समधल्या रोबेर नावाच्या माणसाने सलग कागद काढणारे यंत्र बनविले.

नेपानगरची गिरणी १९४७ साली एका खासगी कंपनीने काढली. १९४९ साली ती सरकारने घेतली. १९५५ साली कागद निघू लागला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी ती देशाला अर्पण केली. वर्तमानपत्राचा कागद बनविणारी ही भारतातली पहिलीच गिरणी. तोपर्यंत तो कागद परदेशातून यायचा. गंमत म्हणजे, त्या दिवशी आपला बुलढाणा जिल्हासुद्धा मध्य प्रदेशातच होता! १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला.

सुरुवातीला तेथे जंगलातले सालईचे लाकूड आणि बांबू वापरीत. त्याचा लगदा करून त्यात पाणी घालतात. किती? शंभर भागांत नव्याण्णव भाग पाणीच! हे पाणी फिरत्या जाळीवर सोडतात. पाणी खाली गळते आणि वर ओला थर राहतो. मग मोठे रूळ तो थर दाबतात, आपली आई धुणं पिळते तसा. पुढे वाफेने तापलेल्या मोठमोठ्या पिंपांवरून फिरत फिरत तो वाळतो. शेवटी त्याचा भलामोठा गुंडाळा होतो. आजोबा म्हणाले, "मध्येच कागद तुटला, की आमची पळापळ व्हायची!"

पुढे लाकूड-बांबू मिळणे कठीण झाले. मग जुन्या कागदापासून नवा कागद करू लागले. रद्दी पाण्यात घुसळतात, साबणासारखे औषध घालतात आणि खालून हवा सोडतात. शाई बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते. फेस काढला की स्वच्छ लगदा उरतो. नवी यंत्रे बसविण्यासाठी २०१६ साली गिरणीचे काम थांबले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

हे ऐकताना मला माझे बाबा आठवले. ते सायकलला तराजू बांधून धाडच्या बाजारात आणि खेड्यापाड्यांत रद्दी घेतात. बाजारात कुणी मला "रद्दीवाल्याची पोरगी" म्हणते. मला फार वाईट वाटायचे. बाबा मात्र हसून म्हणायचे, "माय, हा कचरा न्हाई, हा माल हाये." त्यांचे म्हणणे मला नेपानगरला पटले. एवढी मोठी यंत्रे ज्या मालाची वाट पाहतात, तो माल माझे बाबा गोळा करतात. आता मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर गठ्ठे बांधायला बसते.

कागदाचे धागे पाच-सात वेळा पुन्हा वापरता येतात. पण ओला, तेलकट किंवा जळलेला कागद काही कामाचा नसतो. म्हणून मित्रांनो, जुन्या वह्या चुलीत घालू नका. त्यांची प्लॅस्टिकची कव्हरे आणि पिना काढा, कोरड्या जागी ठेवा आणि रद्दीत द्या. कोरी पाने असतील तर ती आधी कच्च्या कामाला वापरा. पालकांनाही माझी हीच विनंती आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी