जतन केलेले जग

माझे वडील हयातभर भाईंदरच्या मिठागरावर राबले. भरतीचे पाणी आत घ्यायचे, वाफ्यावाफ्यांतून फिरवायचे आणि उन्हाच्या हवाली करायचे, ही त्यांची विद्या. अखेरच्या वर्षी ती त्यांनी माझ्या मुलाच्या संगणकावर उतरवली. 'माइनक्राफ्ट' या खेळात सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे, मिठागरही चौकोनांचेच. आजोबा खाटेवरून सांगत, "बांध अजून रुंद कर रे," आणि नातू ठोकळे रचत जाई.

वडील गेल्यावर काही महिन्यांनी मुलगा म्हणाला, "आई, नवा स्नॅपशॉट आलाय. आपलं मिठागर त्यात उघडून बघू?" स्नॅपशॉट म्हणजे पूर्णत्वाआधी चाचणीसाठी खुली केलेली, प्रयोगावस्थेतील आवृत्ती. तीत जुने जग एकदा उघडले की त्याची अंतर्गत रचना बदलते. ते जुन्या आवृत्तीत सुखरूप परत नेता येत नाही.

मी त्याला थांबवले. वडिलांच्या आवाजाचे एकमेव ध्वनिमुद्रण मी फोन बदलताना गमावले होते. दोष माझ्याच घाईचा. आम्ही आधी खेळ बंद केला. 'सेव्ह्ज' फोल्डरमधील मिठागराच्या संपूर्ण फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. लाँचरमध्ये नव्या आवृत्तीला स्वतंत्र फोल्डर नेमून दिले व दुसरी प्रत तेथे ठेवली. पेनड्राइव्हवरील प्रत जुन्या आवृत्तीत उघडते ना, हेही पाहिले. न तपासलेली प्रत म्हणजे नुसता दिलासा.

मग मुलाने प्रयोगाच्या प्रतीत आजोबांचा बांध बिनधास्त फोडला. पाणी वाफ्यांत शिरले, आणि तो हसला. मूळ जग हाती असल्यामुळेच त्याला ते धाडस झाले.

अभ्यास करताना मला एकनाथमहाराज आठवतात. शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला. नकला करतानाच पाठभेद शिरले, हे खरे. परंतु त्या नकलाच नसत्या, तर शुद्धीकरणाला आधार कशाचा उरला असता?

पेनड्राइव्ह आता कपाटात, वडिलांच्या चष्म्याशेजारी असतो. दर पितृपक्षात आम्ही तो उघडून पाहतो. बांध रुंदच आहे.