भुईकोटाच्या विटा

सोलापूरला लोक येतात ते बहुधा पुढे जाण्यासाठी. पश्चिमेला पंढरपूर, उत्तरेला तुळजापूर, आग्नेयेला अक्कलकोट, दक्षिणेला विजापूर. आणि मध्ये सोलापूर हे गाडी बदलण्याचे ठिकाण. तासाभराची सवड मिळालीच तर प्रवासी चादर घेतो, शेंगाची चटणी बांधून घेतो, ‘ऊन फार आहे हो’ असे एकदा म्हणतो आणि वाटेला लागतो. शहराच्या ऐन मध्यावर दुहेरी तटाचा भुईकोट किल्ला उभा आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगणार तरी कोण? आम्ही सोलापूरकर त्याच्या कडेने रोज जातो. पण जातो ते भाजीचा भाव मनात घोळवीत.

या उपेक्षेचा पुरावा दरसाल दिवाळीत मिळतो. गल्लोगल्ली पोरे किल्ले करतात. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेले गोणपाट, वर चिखलाचा गिलावा, पायथ्याशी पेरलेले हळीव, आणि कुंभाराकडून आणलेले मावळे. आमची माती काळी, कापसाची. ओली असताना लोण्यासारखी बसते आणि दोन दिवसांत वाळून भेगाळते. नरकचतुर्दशीला अजिंक्य असलेला गड भाऊबीजेपर्यंत आपण होऊन शरण येतो. तरी पोरे हट्टाने डोंगरच रचतात. राजगड होतो, प्रतापगड होतो. दारातला भुईकोट मात्र कोणी करीत नाही. किल्ला म्हणजे डोंगर, हे समीकरण आमच्या सपाट मुलखातही इतके पक्के आहे.

गेल्या दिवाळीत या समीकरणाला धक्का बसला, तो पुण्याहून आलेल्या माझ्या बारा वर्षांच्या भाच्यामुळे. त्याने हाताला चिखल लावायला साफ नकार दिला आणि पिशवीतून लेगोच्या विटांचा एक मोठा ढीग सतरंजीवर ओतला.

या विटांचा जन्म डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या लहानशा गावचा. तिथे ओले किर्क क्रिस्टियनसेन नावाचा सुतार होता. त्याने 1932 साली लाकडी खेळणी करायला घेतली, आणि पुढे ‘छान खेळ’ अशा अर्थाचे दोन डॅनिश शब्द जोडून धंद्याचे नाव लेगो ठेवले. आज दिसते ती, वर गुंड्या आणि पोटात नळ्या असलेली प्लॅस्टिकची वीट त्याच्या मुलाने 28 जानेवारी 1958 रोजी नोंदवली. त्या वेळची वीट आजच्या विटेवर अजूनही घट्ट बसते. आठ गुंड्यांच्या एकाच रंगाच्या दोन विटा एकमेकींत 24 प्रकारांनी बसतात, तीन विटा 1060 प्रकारांनी, आणि सहा विटा 91 कोटी 51 लाख 3 हजार 765 प्रकारांनी! हा आकडा ऐकून माझी पत्नी म्हणाली, “मग त्यातला एक प्रकार केर काढायच्या आत होऊ द्या.”

पण रचण्याआधी निवडणे आले. मी आपला रंगांप्रमाणे ढीग लावू लागलो, तेव्हा भाच्याने मला थांबवले. “मामा, रंग नाही, आकार. लाल ढिगातली बारकी लाल वीट कशी सापडणार? रंग तर डोळ्याला आपोआप दिसतो.” मला खिळ्यांच्या छापखान्यातले जुळारी आठवले. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे, साऱ्यांना लाकडी केसेत आपापले घर असे, म्हणून तर हात न पाहता नेमका खिळा उचलीत. आणि मजकूर छापून झाला की प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या घरी परते. आमच्याकडे केस कुठली? मिसळणाचा जुना डबा, चकल्यांसाठी काढून ठेवलेली दोन ताटे आणि उदबत्त्यांची खोकी यांवर काम भागले.

भाच्याला राजगड करायचा होता. पण या विटा काटकोनी. डोंगराचा उतार म्हटला की पायऱ्या होतात. दोन दिवस झाले तरी राजगड काही दवाखान्याच्या जिन्यापलीकडे जाईना. शेवटी मी म्हटले, “चल, डोंगर नसलेला किल्ला दाखवतो.”

एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव आणि बाकीच्या अंगांना खंदक, असा हा किल्ला. हा तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून उभा केला. ते कन्नड वचने लिहीत. त्यांचे देऊळ त्या पाण्यातच आहे. किल्ल्याची मूळ बांधणी बहमनी अमदानीतली. बाहेरचा तट ठेंगणा, आतला उंच, दोहोंमध्ये अरुंद वाट, आणि थोड्या थोड्या अंतरावर बुरूज. डोंगराने जे संरक्षण फुकट दिले असते, ते इथे माणसांनी दगडावर दगड ठेवून कमावले आहे.

या दगडांनी धनीही पुष्कळ पाहिले. विजापूरच्या आदिलशहाने आपली बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण द्यायचे ठरले. ते दिले नाही, म्हणून पुढे वर्षानुवर्षे लढाया झाल्या. नंतर त्याच निजामशाहीची लेक चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर तिच्या आंदणात गेले. 1818 च्या मे महिन्यात तो पेशव्यांकडून इंग्रजांनी घेतला. लग्नात देण्याजोगा किल्ला! भाचा हसला आणि तटाला हात लावून चालू लागला.

चालता चालता तो थबकला. भिंतीत एक दगड नक्षीचा होता. थोडे पुढे आणखी एक. साध्या घडणीच्या दगडांत हे नक्षीचे दगड कसे आले, असे त्याने विचारले. मी त्याला आतले जुन्या देवळाचे अवशेष दाखवले आणि म्हटले, “हे आधी दुसऱ्या कुठल्यातरी रचनेत होते. ती मोडली आणि दगड इथे आले.”

“म्हणजे आपण करतो तसेच,” तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून, “पण तसेच नाही.”

घरी आल्यावर नकाशाचा प्रश्न आला. तो आमच्या शेजाऱ्यांनी सोडवला. ते तेलुगू भाषक, पूर्व भागातल्या मागांवर चादरींची नक्षी काढण्यात त्यांचे आयुष्य गेले. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर उतरतो. भरलेल्या चौकोनांप्रमाणे पुठ्ठ्यांना भोके पाडतात आणि ते पुठ्ठे जकार्डवर चढतात. मोराच्या मानेचा बाक जवळून पाहिला तर पायऱ्यांचाच असतो. हातभर दूर गेले की गोल दिसतो. त्यांनी चष्मा लावला, तलावाकडची वाकडी बाजू चौकोनांत बसवली आणि म्हणाले, “एक चौकोन, एक गुंडी. आता चुकणार नाही, बाळ.” बाकी काम सोपे होते. चपट्या पट्टीच्या तीन थरांनी एका विटेची उंची होते, त्या हिशेबाने आतला तट बाहेरच्याहून उंच नेला. वसुबारसेला घेतलेला किल्ला लक्ष्मीपूजनाला पुरा झाला. राखाडी विटा संपल्या, म्हणून निम्मा तट पिवळा होता.

त्या तटात भाच्याने दोन हिरव्या विटा मुद्दाम आडव्या बसवल्या होत्या, गुंड्या बाहेर काढून. पाहायला आलेली पोरे विचारीत, “हे चुकले का रे?” तो सांगे, “ते नक्षीचे दगड आहेत. जाऊन बघा.” भाऊबीजेला त्यांतली चारपाच पोरे खरोखरच जाऊन आली आणि नक्षीचे दगड किती, यावर आमच्या ओट्यावर भांडत बसली.

सुटी संपल्यावर भाच्याने एका संध्याकाळी किल्ला उकलला. विटा आकारवार डब्यात गेल्या; कोणती वीट तटातली आणि कोणती बुरुजातली, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. खेळाचा हा मोठा गुण: मोडले तरी कोणाचे काही जात नाही. दगडाचे तसे नाही. त्याला एकदा आकार दिला की तो कुठल्याही भिंतीत गेला तरी आपले पहिले घर विसरत नाही, आणि पाहणारा भेटला तर सांगतोही.

म्हणून सोलापूरच्या पोरांना एक सुचवावेसे वाटते. यंदा डोंगर रचू नका. आपल्या काळ्या मातीत सपाट जागा भरपूर आहे. दोन तट घाला, खंदक काढा, एका बाजूला परातीत तलाव करा, आणि तटात दोनचार वेगळे खडे बसवायला विसरू नका. महागाच्या विटांची गरज नाही. मात्र आधी जाऊन किल्ला पाहून या. तो बाजाराच्या वाटेवरच आहे.