वर बसायचा आठ

इंदुरातील एका मराठी शाळेत आम्ही सत्तावीस वर्षे गणित आणि भौतिकशास्त्र शिकविले. त्या काळात फळ्यावर लिहिलेल्या आणि पुसलेल्या अंकांची मोजदाद कोण ठेवणार! तरीही त्यांतील दोन अंक निवृत्तीनंतरही आमची पाठ सोडीत नाहीत. एक आठ आणि दुसरा अकरा. दोन्ही अंक बरोबर होते. चुकली होती ती त्यांची जागा.

आमच्या उमेदवारीच्या काळी प्रश्नपत्रिका खिळ्यांच्या छापखान्यात छापल्या जात. तेथील वयस्क जुळाऱ्यांना आमची गणिताची प्रश्नपत्रिका आली की घाम फुटे. साधा मजकूर एका ओळीत सरळ चालत जातो. अपूर्णांकाला मात्र तीन मजले लागतात : वर अंश, खाली छेद आणि मध्ये पितळेची पातळ पट्टी. घातांकासाठी लहान खिळा शोधून तो वर उचलून बसवावा लागे, आणि त्याच्याखाली राहिलेली पोकळी शिशाच्या तुकड्याने भरावी लागे. एवढ्या अवधीत साध्या मजकुराच्या कितीतरी ओळी जुळून झाल्या असत्या. त्या गृहस्थांना गणित येत नव्हते. परंतु कच्चे मुद्रित घेऊन ते स्वतः शाळेत येत आणि विचारीत, “मास्तर, हा आठ दहाच्या शेजारी बसायचा की डोक्यावर?” त्या वेळी आम्हांस त्या प्रश्नाचे हसू येई.

पुढे शाळेत संगणक आला आणि छापखान्याची फेरी संपली. २००३ सालच्या सहामाही परीक्षेसाठी अकरावीची प्रश्नपत्रिका आम्ही घरच्या संगणकावर मोठ्या हौसेने स्वतः टंकलिखित केली. त्यात एक सोपे उदाहरण होते. सूर्यापासून पृथ्वीचे अंतर १.५ गुणिले दहाचा अकरावा घात इतके मीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ गुणिले दहाचा आठवा घात इतके मीटर. तर सूर्यप्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास किती वेळ लागेल? उत्तर ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे वीस सेकंद. घरच्या संगणकावर घातांक नीट वर बसलेले दिसत होते. शाळेच्या संगणकावर वेगळी प्रणाली होती. तेथे मजकूर उतरविताना दोन्ही घातांक मुकाट्याने खाली येऊन दहाच्या शेजारी बसले. दहाच्या आठव्या घाताचे, म्हणजे दहा कोटींचे, जपमाळेतील मण्यांएवढे १०८ झाले. दहाच्या अकराव्या घाताचे १०११ झाले. छापलेला कागद आम्ही पुन्हा पाहिला नाही. संगणकानेही काही विचारले नाही.

बहुतेक विद्यार्थ्यांनी पाठ असलेले आकडे घालून ५०० सेकंद उत्तर काढले. एका मुलीने मात्र समोर छापले होते तेच वाचले. ३ गुणिले १०८ म्हणजे ३२४, आणि १.५ गुणिले १०११ म्हणजे १५१६.५. भागाकार केला आणि उत्तर लिहिले : सुमारे ४.७ सेकंद. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : “प्रकाशाचा वेग ध्वनीपेक्षा कमी येतो आहे आणि सूर्य दीड किलोमीटरवर. प्रश्नात काही चुकले आहे असे वाटते, पण दिलेल्या आकड्यांवरून हेच उत्तर येते.” आमच्या शाळेपासून राजवाडा साधारण तेवढ्याच अंतरावर. म्हणजे आम्ही सूर्यनारायणाला राजवाड्याच्या चौकात आणून बसविले होते, आणि सबंध वर्गात ते एकट्या तिच्या ध्यानात आले होते.

आम्ही ती ओळ वाचलीच नाही. उत्तरावर लाल रेघ मारली आणि शून्य दिले. ती उत्तरपत्रिका घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, “सर, प्रश्नात हेच दिलं आहे.” त्यावर आम्ही म्हणालो, “अकरावीत आलीस, प्रकाशाचा वेग अजून ठाऊक नाही?” वर्ग हसला. ती जागेवर जाऊन बसली.

चार दिवसांनी एका सहकाऱ्याने छापील प्रश्नपत्रिका आमच्यापुढे धरली, तेव्हा चूक कोणाची ते कळले. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व वर्गासमोर तिची क्षमा मागितली आणि पूर्ण गुण दिले. तिने मान हलविली. गुणांची भरपाई झाली. पण पुढील दीड वर्षात तिच्या एकाही उत्तरपत्रिकेत तशी शंकेची ओळ आम्हांस पुन्हा दिसली नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याचे याहून मोठे नुकसान ते काय करावे?

या प्रसंगानंतर गणित कागदावर कसे मांडतात, याविषयी आम्ही हाती लागेल ते वाचू लागलो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड क्नुथ यांची हकिकत तेव्हा वाचनात आली. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली, ती पाहून ते कष्टी झाले. पूर्वी खिळ्यांनी सुबक छापलेले गणित नव्या यंत्राने विद्रूप केले होते. तक्रार करून ते थांबले नाहीत. गणित जुळविणारी संगणक-प्रणाली स्वतःच लिहावयास बसले. वर्षभरात संपेल असे वाटलेल्या त्या कामाला जवळजवळ दहा वर्षे लागली. ‘टेक्’ नावाची ती प्रणाली त्यांनी जगाला विनामूल्य दिली. तीत समीकरणाच्या दोन्ही बाजूंस डॉलरचे चिन्ह घालतात, कारण गणित छापणे हे खर्चाचे काम मानले जाई! कोणता अंक वर, कोणता खाली, कोठून कोठवर अपूर्णांक, हे सारे लिहिणाराने स्पष्ट सांगावयाचे असते. आमच्या जुळाऱ्यांचा प्रश्न तेथे आधीच विचारून ठेवलेला आहे.

जागेचे हे महत्त्व आपल्याकडेही जुनेच. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना ‘या’, ‘का’, ‘नी’ अशी अक्षरे आहेत, म्हणजे यावत्तावत्, कालक आणि नीलक. आजचे बरोबरीचे चिन्ह तेव्हा नव्हते. इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्ड यांनी ते १५५७ साली छापले. भास्कराचार्यांच्या पद्धतीत समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडीत, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब देत. नकलनविसाच्या हातून ते टिंब गळले की ऋणाचे धन झाले! हस्तलिखिते उतरवून काढणाऱ्यांच्या डोळ्यांवर केवढा भार असेल, याची कल्पना करावी.

आमची नात बडोद्यास शिकते. तिच्या अडलेल्या उदाहरणांची उत्तरे आम्ही भ्रमणध्वनीवर लिहून पाठवितो. तेथे सारे एका सरळ ओळीत लिहावे लागते. मागे आम्ही ‘१/२क्ष’ असे लिहिले. आमच्या मनात क्षचा अर्धा भाग होता. तिने दोन आणि क्ष दोन्ही छेदात घेतले. क्षची किंमत ४ होती. आमचे उत्तर २, तिचे एक अष्टमांश. तिचा निरोप आला, “आजोबा, कंस घातला असता तर? मी अर्धा तास माझीच चूक शोधत होते.”

तो अर्धा तास वाचून आम्हांस २००३ सालची ती मुलगी आठवली. नातीने निदान विचारले तरी. तेव्हापासून आम्ही अपूर्णांकाला कंस घालतो आणि घातांक अक्षरांत लिहितो. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर घेतो, आणि दोन पायऱ्यांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘दोन्ही बाजूंस दोनाने गुणून’ असे शब्द घालतो. पाठविण्यापूर्वी, ते आपण लिहिलेलेच नाही असे समजून एकदा वाचतो. यास दोन मिनिटे अधिक लागतात. आणि नातीच्या वहीच्या छायाचित्रात उत्तराखाली काही बारीक लिहिलेले असले, तर आम्ही ते उत्तराच्या आधी वाचतो.