रंगाआधीचा खर्च

रंग उडाला म्हणून जुनी गाडी कामाला काढावी आणि काही दिवसांनी लक्षात यावं की आपण रंग सोडून बाकी सगळं करत बसलोय, हे या नादात ठरलेलंच. रंग नुसतं निमित्त. पत्र्यावर कुठेतरी एक फोड दिसतो. नखाने टोकरला की पापुद्रा निघतो, पापुद्र्याखाली तपकिरी भुगा, आणि भुग्याखाली जिथे पत्रा असायला हवा तिथे बोट सरळ आत जातं. अशा वेळी हिशेबाची वही शांतपणे मिटून ठेवावी. तिच्यात लिहिलेला आकडा आता दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा आहे.

माझी गाडी एमजीबी जीटी, १९७३ ची, क्रोमच्या बंपरवाली. इंग्लंडात नोकरी लागल्यावर काही वर्षांनी स्थानिक वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून घेतली, तेव्हा ती नुसतीच जुनी होती. क्लासिक वगैरे व्हायला अजून अवकाश होता. ‘गरिबाची ॲस्टन मार्टिन’ असं हिला इकडे म्हणायची पद्धत आहे. त्यात ॲस्टन मार्टिन कमी आणि गरीब जास्त, हे मालकाला लवकर कळतं. पण बांधा खरोखर देखणा. एमजीबी १९६२ मध्ये आली ती उघड्या टपाची. १९६५ मध्ये तिच्यावर हे उतरत्या पाठीचं छप्पर चढलं, त्याच्या रेषेत इटलीच्या पिनिनफरिनाचा हात होता. मागे एक बाक आहे. त्यावर लहान मूल बसतं किंवा मोठ्या माणसाची बॅग. आमच्या मुली त्या बाकावर वाढल्या आणि पाय मावेनासे झाले तशा उतरल्या.

या गाड्या ॲबिंग्डनला जुळायच्या, आम्ही राहतो त्या रेडिंगहून तासाभराच्या आत. शेवटपर्यंत तिथे सरकता पट्टा नव्हता. गाडी एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर माणसं हाताने ढकलत न्यायची. बॉडी रंगून बाहेरूनच यायची, ॲबिंग्डनला तिच्यात इंजिन, चाकं, वायरी बसायच्या. अशा पाच लाखांहून जास्त एमजीबी तिथून निघाल्या, त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या, आणि १९८० च्या ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद झाला. अमेरिकेतल्या गाड्यांचं बरं आहे. कोरड्या प्रांतातल्या तर अजून ठणठणीत सापडतात. इथे मात्र हिवाळाभर रस्त्यावर मीठ मारतात, आणि ते मीठ गाडी खातं.

रंगाचा भाव काढायला दोन-तीन ठिकाणी गेलो. सगळीकडे मान हलवण्याची तऱ्हा सारखीच. काचा काढणार, दारं काढणार, उघड्या पत्र्यापर्यंत खरवडणार, आणि वर जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीला ओलांडून पुढे गेलेला. घरी येऊन तो आकडा हळू आवाजात सांगितला.

“अहो, एवढ्यात आपलं स्वयंपाकघर नवं होईल,” ही म्हणाली.

तिचं बरोबरच होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही. ठरलं ते असं: वेल्डिंगला माणूस लावायचा, बाकी घासणं-भरणं-रंगवणं घरी. स्वयंपाकघराचंही काहीतरी ठरलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वेल्डिंग मी शिकलो नाही आणि शिकणारही नाही. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. दाराखालून जाणारा जो लांब पोकळ भाग आहे, इकडे त्याला सिल म्हणतात, त्याच्यावर गाडीचा सगळा ताण. आत उभा पत्रा, बाहेर दिसणारा गोलसर पत्रा, खाली आणखी एक पट्टी, अशी ती पेटी असते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला, बिजागरीच्या खांबापाशी साठून राहतो, ओला राहतो, आणि तिथून खाली झिरपत ही पेटी आतून कुजवतो. माझ्याकडे यायच्या आधी कोणीतरी यावर तोडगा काढून ठेवला होता: कुजलेला पत्रा न कापता त्याच्यावर नवा चढवून दिला आणि छान रंगवला. वर्षानुवर्षं मी कौतुकाने तोच भाग धुऊन पुसत होतो. बाहेरचं आवरण कापून काढलं तेव्हा आतून ओंजळभर गंज जमिनीवर सांडला, चहाच्या चोथ्याच्या रंगाचा, आणि मधला पत्रा जाळीसारखा झालेला.

वेल्डर वयस्कर होता, बोलणं अगदी कमी. त्याने दार काढू दिलं नाही. दार जागेवर ठेवून, खालून टेकू देऊन, एका वेळी थोडंच कापायचं, आणि दर वेळी दाराच्या कडेची फट मोजायची. आधार न देता सिल कापली तर गाडी मध्ये दबते. मग नवा पत्रा कितीही सुबक बसवा, दार पुन्हा लागत नाही. सगळं जोडून झाल्यावर त्या पोकळीत त्याने नळीने पातळ मेण सोडलं. सगळ्या कामात सर्वात जास्त पैसे गेले ते इथे, आणि ते कोणाला कधीच दिसणार नाहीत. कमी पैशांत गाडी करायची तर पैसे न दिसणाऱ्या जागी घालावेत आणि दिसणाऱ्या जागी हात चालवावेत, असं माझं मत तेव्हा झालं. बहुतेक लोक उलटं करतात. विकायच्या गाडीला ते शोभतं.

मग खड्डे भरायची लांबी. कोल्हापुरात माझ्या चुलतभावाचं उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. मी इकडून व्हिडिओवर दार दाखवायचो आणि तो तिकडून तंबाखू मळत बघायचा.

“दादा, लांबी लई जाड थापलीयास. पत्रा हाय का भिंत?” हे पहिलं वाक्य. दुसरं, “घाई करू नगंस. पाणी मार आन् घास.”

पुढचं सगळं त्याचंच शिक्षण. ८० नंबरच्या पेपरने लांबी खाली आणायची, मग १८०, मग प्रायमर, मग ४०० आणि पाणी. पण खरी गंमत मधल्या एका पायरीत आहे. प्रायमर सुकला की त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारायचा, इतका विरळ की राखाडीवर मिरपूड भुरभुरल्यासारखी दिसावी. मग सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळून तिरकं घासायचं, आधी एका दिशेने, मग तिच्यावर फुली येईल असं. उंच जागेवरचं काळं चटकन निघून जातं. खोलगट जागेवरचं तसंच राहतं. जे दार मी डोळ्यांनी सपाट ठरवलं होतं त्यावर हळूहळू काळी बेटं उमटतात. एक हँडलच्या खाली, एक लांबट कडेला. त्यातलं एक बेट थोरल्या मुलीच्या सायकलचं. ती सायकल गॅरेजच्या भिंतीला टेकवलेली असायची आणि एकदा हँडलसकट दारावर आली होती. मी ती जागा भरली. असले पोचे आठवण म्हणून ठेवावेत असं सांगणारे लोक भेटतात. त्यांच्या गाड्यांना फारसे पोचे नसतात. मुलगी अधूनमधून भेटायला येते, सायकल अजून तिथेच आहे, दार सरळ असलेलं बरं.

हातांचं मात्र खरंच नवल वाटतं. डोळे मिटून तळवा फिरवला की कागदाच्या जाडीएवढा चढही लागतो. मधे पातळसा फडका घेतला तर आणखीच स्पष्ट लागतो.

डाव्या मडगार्डवर घासता घासता कडेने रंगांच्या पट्ट्या उघड्या पडल्या. वरचा आमच्या परिचयाचा विटका लाल, त्याखाली राखाडी, त्याखाली कोणीतरी मारलेला भडक लाल, आणि तळाशी गडद, दाट, डाळिंबाच्या दाण्यासारखा तांबडा. हा कारखान्याचा. त्या वर्षांत ते याला ‘डमास्क रेड’ म्हणत. इतकी वर्षं आपण तिला ज्या रंगाची म्हणून ओळखत होतो तो तिचा नव्हताच. कुठला मारायचा, यावर घरात दोन मतं होती. तळातला जिंकला, कारण त्याचा नंबर उपलब्ध होता आणि दुकानदार नंबरावर रंग मिसळून देतो.

रंगाचा प्रकार कुठला, हा प्रश्न पैशांपेक्षा फुप्फुसांचा. आजकाल गॅरेजवाले दोन डब्यांचं मिश्रण वापरतात. ते घट्ट बसतं, चमकतं, टिकतं, पण त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडतो. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा असल्याशिवाय त्याला हात लावू नये. घरच्या माणसाला उरतो जुना सेल्युलोज. त्याच्या वाफाही काही औषधी नाहीत, मुखवटा लागतोच, आणि थिनरपाशी ठिणगी चालत नाही. हा रंग शंभर वर्षांपूर्वीचा. १९२४ च्या ओकलंड गाड्या ड्यू पाँटच्या ड्यूको रंगात निळ्या होऊन निघाल्या. त्याआधी चांगली गाडी रंगवून वाळवायला आठवडे जायचे. युरोपात आता त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत, पण जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी तो मिळतो. त्याचा मोठा गुण म्हणजे तो क्षमाशील आहे. तो नुसता थिनर उडून वाळतो. पुढचा हात मागच्या हाताला जरा विरघळवून त्यात मिसळतो. ओघळ आला? वाळू द्या, घासा, पुन्हा मारा. फक्त दमट हवेत मारू नये. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि लालावर पांढुरकी साय येते. आता इंग्लंडात कोरडा दिवस शोधणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवायची, हवामानाचा अंदाज बघायचा, शेजाऱ्यांचे कपडे दोरीवर नाहीत ना ते बघायचं, मग बंदूक हातात घ्यायची. छप्पर रंगवताना एक चिलट आलं आणि रंगात उतरलं. ते वाळल्यावर २००० नंबरच्या पेपरने बाहेर निघालं. पाय मात्र कुठेतरी आत असावेत.

जवळून पाहिलं तर माझ्या गाडीवर संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीतपणा आहे. प्रदर्शनांत मांडतात त्या गाड्यांवर तो नसतो. आरशासारखं अंग, दारांच्या फटी पट्टीने आखलेल्या, इंजिनवर बोट ठेवायला भीती वाटावी. मला त्यांच्याकडे पाहून आदर वाटतो आणि थोडं हसूही येतं. ॲबिंग्डनहून अशी एकही गाडी कधी बाहेर पडली नव्हती. हातगाडीसारख्या ढकलत जुळवलेल्या त्या गाड्या होत्या, स्वस्त होत्या, पावसात जायच्या. त्यांना जन्मतारखेपेक्षा तरुण करून पुन्हा ट्रेलरवरून फिरवणं मला जमणार नाही, आणि परवडणार तर नाहीच. परवडलं असतं तर कदाचित मीही तेच केलं असतं, हेही खरं.

इथल्या सरकारचं मात्र जुन्या गाड्यांच्या बाबतीत बरं चालतं. आपल्याकडे एसटीत पंच्याहत्तरी ओलांडली की तिकीट नाही, तसं इथे चाळिशी ओलांडलेल्या गाडीला कर माफ आहे आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. मी तरी तपासून घेतो. सिलवर एवढे पैसे घातल्यावर कोणीतरी खालून बॅटरी मारून बघावं, असं वाटतंच.

पुण्याच्या भाच्याला फोटो पाठवले. लगेच फोन. “मामा, तुझीपण एमजीच? आमची हेक्टर बघ ना.” अष्टकोनी चिन्ह तेच. एमजी हे नाव आता चीनच्या सैकचं, हेक्टर जुळते गुजरातेत हालोलला, आणि तिच्यात माणसं पाच आणि सामान ढिगभर मावतं. त्याने विचारलं, तुझीत एसी आहे का. मी म्हटलं, खिडकी आहे.

रंग झाल्यावर पहिल्यांदा पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा शेजारच्या पंपावरचा माणूस आलाच. या देशात साठीच्या पुढच्या प्रत्येकाकडे एकतर कधीकाळी एमजीबी होती, नाहीतर काकाकडे होती. डाव्या दाराचा डबा वेगळ्या खेपेचा असल्याने ते दार किंचित गडद आहे, आणि मी मुद्दाम त्या बाजूला उभा होतो. त्याने रंगाकडे पाहिलंच नाही. वाकून काचेतून मागच्या बाकाकडे बघत त्याने विचारलं, बॅटऱ्या अजून त्या सहा-सहा व्होल्टच्या दोनच आहेत का खाली? लोक त्या काढून बारा व्होल्टची एक बसवतात, त्याच्या काकांनी तेच केलं होतं. मी म्हटलं, दोनच आहेत, आणि या वर्षी तरी दोनच राहतील.