खुंटीवरची थैली

१ जून २०२५, रविवार. अमरावती

काल संध्याकाळी सहाला मित्राचा फोन. "चाल बे, चिखलदऱ्याले जाऊन राहिलो. गाडीत एक जागा हाये. पंधरा मिनिटांत राजकमलले ये." मी 'आलोच' म्हणालो आणि पलंगाखालची चाकांची बॅग ओढली. चार्जर शोधण्यात पाच मिनिटं गेली. बॅटरी सापडली, तर सेल नव्हते. स्वेटर माळ्यावर. मग घाटात पाऊस आला तर म्हणून छत्री, आणि छत्री त्या बॅगेत आडवी मावेना. पाऊण तासानं पुन्हा फोन वाजला. "आम्ही वलगाव सोडलं. राहू दे आता."

आज सुट्टी होती म्हणून सूड उगवला. अचानक निघायला लागेल ते सगळं एका जुन्या पाठपिशवीत भरलं: कपड्यांचे तीन जोड, जीन्स, टॉवेल, चादर, बूट, छत्री, औषधांचा डबा, दोन पुस्तकं, मोठी पॉवर बँक, चाकू-कात्री-पाना एकात असलेलं ते चपटं हत्यार, आणि अजून काय काय. रद्दी तोलायचा ताणकाटा लावला. ९ किलो १०० ग्रॅम.

आईनं दारातूनच विचारलं, "घर बदलून राहिला का?"

५ जून, गुरुवार

जुन्या पाठपिशवीचा पट्टा उसवला. इतवाऱ्यात नवी घ्यायला गेलो. दुकानदारानं आधी रंग दाखवले. मी तीन गोष्टी पाहिल्या. चेन कोपऱ्यावर अडते का? पट्टा जिथं शिवलाय तिथं टाके एकेरी की चौकोन घालून आडवे-उभे? आणि बूड दुहेरी आहे का? पिशवी नेहमी या तीन ठिकाणीच जीव सोडते. तीस लिटरची, काळपट हिरवी, रिकामी सातशे ग्रॅम. पंचेचाळीस लिटरचीही होती, पण जागा दिसली की माणूस भरतो.

घरी आलो तर आईनं माळ्यावरून दोन वस्तू उतरवून ठेवलेल्या: फिरकीचा तांब्या आणि आबाजींची, म्हणजे आजोबांची, चंची. तांब्याचं झाकण आटे घालून बसवलेलं. उलटा केला तरी थेंब सांडत नाही. चंचीची गुंडाळी उलगडली तर आत पान, सुपारी, कात, तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे, चुन्याची डबी, आणि एका कप्प्यात अडकित्ता. आबाजी अंधारात, बैलगाडीच्या हिसक्यांत, न पाहता पान जमवायचे. आता 'ऑर्गनायझर' म्हणून जे कप्पे पैसे मोजून घ्यावे लागतात, ते आमच्या घरात तीन पिढ्यांपासून दोरीनं बांधलेले पडून होते.

पान मी खात नाही. चंचीत वायर, औषधं, पिना घातल्या. अडकित्ता आठवण म्हणून तसाच ठेवला.

१५ जून, रविवार. अकोला

पहाटे मामांचा फोन आला, "आंबे उतरले, ये." थैली पाठीवर टाकून निघालो. लोणी सोडलं की रस्ता असा सपाट की डोळा लागतो. जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत, रात्रंदिवस काम करून घातला, त्याचा गिनीज विक्रम झाला. रस्त्याला पाच दिवस पुरले. मला थैली भरायला पंधरा लागले आणि ती अजून जमलेली नाही.

मामा निवृत्त एसटी कंडक्टर. मुक्कामी गाडीवर उभी हयात गेली. संध्याकाळी अकोल्याहून सुटायचं, शेवटच्या गावी रात्री गाडी लावायची, देवळात नाहीतर गाडीतच पडायचं, पहाटे पहिली फेरी परत. त्यांनी माझी थैली ओसरीवर पालथी केली.

"हे काय?"

"बूट. पायात चपला आहेत ना, म्हणून जादा."

"पायात बूट घाल न् चपला थैलीत टाक. जड वस्तू अंगावर, हलकी पाठीवर. अन् पुस्तकं दोन कायले?"

"एक कंटाळवाणं निघालं तर."

"मंग लोकायशी बोलजो."

तिकिटांचा पेटारा, चिमटा आणि पैशाची चामडी बॅग महामंडळाची. स्वतःचं म्हणून मामांकडे एक दुपट्टा, एक सतरंजी, दाढीचं सामान आणि पाण्याचा मोठा डबा असायचा. डबा कशाला, हे मी विचारलं नाही, कारण त्यांच्या मुक्कामाची गावं मला माहीत आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी मचूळ, डाळ शिजत नाही, चहा फाटतो. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. त्या गावांत जाणारा माणूस पाणी घेऊन जातो, ही तिथली जुनी रीत.

निघताना त्यांनी दोन नियम दिले. पहिला: "अंधारात हाताले लागत नाई ते सोबत नाई असं समजजो." दुसरा: "तीन मुक्काम झाले न् वस्तूले हात लागला नाई, तर ते घरी ठेवजो. औषध सोडून."

परतताना थैलीत आंबे होते. बूट पायात होते.

२९ जून, रविवार. चिखलदरा

मित्राची गाडी पुन्हा निघाली आणि या वेळी मी राजकमलला त्याच्या आधी उभा होतो. परतवाडा सोडलं, घाट लागला, आणि वर हजार मीटरवर पोचेपर्यंत खालचा उकाडा गेला. देवी पॉइंटला धुकं एवढं की कठडा हाताला लागल्यावर दिसला.

पाऊस वरून नाही, सगळीकडून येतो. थैलीवर पावसाची टोपी चढवली होती. पाणी पाठीवरून उतरून थैली आणि पाठ यांच्यामधून आत शिरलं. टोपी कोरडी, कपडे ओले! लॉजवाल्यानं पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, पन्नी आतून लावा लागते, बाहेरून नाई." त्यानं खताच्या गोणीच्या आतलं जाड प्लॅस्टिक काढून दिलं. थैलीच्या आत ते, त्यात कपडे, तोंडाला पीळ. आता थैली कुंडात पडली तरी चालेल.

जीन्स पहिल्या दिवशी भिजली, तिसऱ्या दिवशी घरी येऊन वाळली. पातळ सुती लेंगा रात्रभर पंख्याखाली वाळला असता, पण रात्री लाइट गेली. बॅटरी दातांत धरून थैली धुंडाळताना लाळ गळत होती. मित्रानं कपाळावर पट्ट्यानं बांधायची बॅटरी काढली. त्याच्या शेतातली. कृषिपंपाची लाइन रात्री आली की ओलिताला जाताना आणि रानडुकरांच्या जागलीला शेतकरी हीच बांधतात, दोन्ही हात मोकळे राहतात. गिर्यारोहणाच्या दुकानात जिची किंमत ऐकून मी परत फिरलो होतो, तीच वस्तू बाजारसमितीसमोरच्या दुकानात लटकत असते.

दुसऱ्या दिवशी सेमाडोहकडे गेलो. वाटेत मोबाइलचं नेटवर्क गेलं ते गेलंच. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड चिकटवलेला, पण तो चालवणार कशावर? मित्राकडे सुटे होते. घरी आल्यावर दहा-वीस-पन्नासच्या मिळून पाचशेच्या नोटा आणि सहा फोन नंबर लिहिलेला कागद पन्नीत गुंडाळून चंचीत ठेवला. तीन नंबर लिहिताना कळलं, ते मला पाठ नाहीत.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी. अमरावती

कुठेही गेलो नाही. संध्याकाळी गाडगेनगरला गाडगेबाबांच्या समाधीपर्यंत चालत.

महिनाभर मी जिचा विचार करतोय ती सामानाची यादी या माणसानं एकशेवीस वर्षांपूर्वी संपवली होती. १९०५ साली घर सोडलं तेव्हापासून अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात भाकर, त्यातच पाणी, आणि उन्हात तेच खापर डोक्यावर. एका वस्तूची तीन कामं. लोकांनी त्यावरूनच नाव ठेवलं. जाईल त्या गावी आधी झाडू, मग कीर्तन, पहाटे पुढचं गाव. २० डिसेंबर १९५६ ला गेले तेही वाटेतच, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर.

पण दुसरी गोष्ट मला आज सुचली. ज्यानं स्वतः काही बाळगलं नाही, त्यानं पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. ज्याला छप्पर, चूल आणि पाणी पुढच्या मुक्कामी मिळणार, त्याला ते पाठीवर न्यावं लागत नाही. आज पंढरपुरात पोचलेल्या वारकऱ्याची पडशी म्हणूनच एवढीशी असते. माझ्या नऊ किलोंपैकी निम्मं वजन 'तिथं काही मिळालं नाही तर' या धास्तीचं होतं. चिखलदऱ्याला सगळं मिळतं. चादर काढली. टॉवेल काढला, दुपट्टा ठेवला: अंग पुसायला, उन्हात डोक्याला, रात्री अंगावर, आणि गाठ मारली की पिशवी.

२३ जुलै, बुधवार. मुंबई

चुलतबहिणीचं ऑपरेशन अचानक ठरलं. माझा रक्तगट जुळतो, म्हणून मला बोलावणं. फोन ठेवल्यापासून रिक्षात बसेपर्यंत अकरा मिनिटं लागली, आणि त्यातली चार आधार कार्ड शोधण्यात गेली. ते आता थैलीतच.

बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावतीच्या विमानतळावरून, १६ एप्रिलपासून मुंबईचं विमान सुरू झालंय, रोज नसतं, आज होतं. तपासणीत थैली बाजूला काढली. चंची उलगडायला लावली. मधोमध आबाजींचा अडकित्ता. जवानाला त्याचं काम समजावून सांगितलं, तो हसला, पण पातं ते पातं. चाकू-पान्याचं हत्यारही गेलं त्याच ओळीत. सोडायला आलेला भाऊ अजून फाटकापाशी होता म्हणून दोन्ही वाचले.

पॉवर बँकेचं उलटं. ती सामानात टाकायची नाही, हातातच ठेवायची, आणि विनापरवानगी शंभर वॉट-तासांपर्यंतच. माझी वीस हजार मिलिअँपिअर-तासांची. ३.७ व्होल्टनं गुणलं की ७४ वॉट-तास, म्हणजे बसते. तरी वजन चारशे ग्रॅम. दहा हजारांची निम्म्या वजनात मिळते आणि मला दोन दिवस पुरते.

रात्र दवाखान्याच्या बाकावर. दुपट्टा अंगावर. आईनं दिलेल्या दशम्या बाकावरच्या चौघांत संपल्या. दुधात भिजवलेल्या म्हणून दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.

१८ ऑगस्ट, सोमवार. अकोला

श्रावणाचा शेवटचा सोमवार. काल संध्याकाळी मामेभावाचा फोन. "येऊन राहिला का कावडीले?" रात्री गांधीग्रामला होतो.

पूर्णेचं पाणी भरण्यांत, म्हणजे घागरींत, भरायचं, कावड खांद्यावर घ्यायची आणि अठरा किलोमीटर अनवाणी चालत राजराजेश्वराला जलाभिषेक करायचा. १९४४ पासून ही परंपरा सांगतात. काही कावडींवर शेकडो भरणे, वीस-तीस जणांचे खांदे एका वेळी. थैली मामांकडे खुंटीला ठेवली. खिशात दस्ती, सुतळीचं बंडल, जखमेच्या पट्ट्या, ओआरएसच्या दोन पुड्या, कपाळाला बॅटरी.

पट्ट्या पहिल्या सहा किलोमीटरमध्येच संपल्या, सगळ्या पोरांच्या टाचांना. एका भरण्याचा कासरा सैल झाला, तो सुतळीनं आवळला. पहाटे एक मुलगा घेरी येऊन बसला. मित्र अर्धी पुडी ग्लासात टाकत होते, थांबवलं. मोठी पुडी अख्खी, एक लिटर पाण्यात, तरच प्रमाण बरोबर. पुडी नसती तर लिटरभर पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ.

रात्रभरात माझ्या खिशातून जे निघालं त्यातलं मला स्वतःला काहीच लागलं नाही. मामांच्या नियमात मी एक ओळ घातली: दुसऱ्यानं मागितली तरी वस्तू वापरली असंच धरायचं.

सकाळी शहराच्या वेशीशी मामा त्यांच्याकडचा फिरकीचा तांब्या घेऊन उभे. गोडं पाणी.

२४ ऑगस्ट, रविवार. अमरावती

परवा पोळा झाला. आज शेवटची मांडणी, पुढच्या तीन मुक्कामांपर्यंत.

थैली. आत पन्नी. सुती शर्ट, लेंगा, आतले कपडे दोन. दुपट्टा. दुसरी पन्नी, बसायला नाहीतर पांघरायला. कपाळाची बॅटरी. लहान पॉवर बँक, एक वायर. साबण, ब्रश. स्टीलची बाटली. फुटाणे आणि खारे दाणे पाव किलो. चंचीत: पट्ट्या, ओआरएस, तापाच्या गोळ्या, सुई-दोरा, पिना, सुतळी, आधार, सुट्या नोटा, नंबरांचा कागद. अडकित्ता देवघरात. रिकामी बाटली धरून ३ किलो ३००.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. दिवाळीत चार दिवसांचा काढायचं ठरवलंय. कुठं जायचं ते ठरवलेलं नाही.

हे आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, आणि आई शहात्तरची. दुपारी झोपून उठलो तर माझ्या थैलीशेजारच्या खुंटीला तिची वायरची थैली होती. ताणकाटा खाली पडलेला. मी पुन्हा तोलली. १ किलो ९००.